चादरीवरची होडी

१

रांगेतली बाकी सगळी चित्रं डोक्यावर उभी होती. एकच सरळ होतं.

चादर समितीच्या खोलीत लांब टेबलावर पसरली होती. रुग्णाच्या कमरेखाली पलंगाच्या रुंदीत घालतात तसली जाड सुती आडवी चादर. चारही कडांना लाल दोऱ्यानं भरलेली बोटभर उंचीची चित्रं होती: किल्ली, कात्री, पान, चमचा, चप्पल. खालच्या कडेची बघणाऱ्याकडे तोंड करून, बाजूंची आडवी पडलेली आणि वरच्या कडेची उलटी. वरच्या रांगेच्या मधोमध तळहाताएवढी जागा नेहमी मोकळी असे. आज तिथे होडी होती. होडीच्या तळाशी पाण्याची नागमोडी रेघ. तिचा दोरा भडक लाल होता. शेजारच्या चित्रांचा रंग विटून विटकरी झाला होता.

"दिसली ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी संघटनेला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. राज्यभरातून सिस्टर येणार. आणि कोणीतरी आपल्या चादरीवर होडी सोडलीय."

ज्यांना त्या हे सांगत होत्या, त्यांना सारं इस्पितळ जंतूताई म्हणे. आधी पाठीमागे, मग तोंडावर, शेवटी निरोपाच्या मानपत्रावरसुद्धा. वॉर्डात जखमा चिघळायला लागल्या की जंतू कोणाच्या हातून फिरला ते शोधायचं, हे त्यांचं निवृत्तीपर्यंतचं काम. त्या कधी आवाज चढवत नसत, विचारत फिरत. लोक म्हणत, जंतूताईंना खोटं सांगायला हरकत नाही, फक्त हात पाठीमागे ठेवा.

"चौकटीतून चादर कधी काढली?"

"परवा, काच पुसायला. काल सकाळी ही जागा मोकळी होती, मी स्वतः बघितलंय. दुपारी सगळे खाली सभागृहात तालमीला होते. खोली उघडीच होती. संध्याकाळी मी वरून कपडा टाकला, तेव्हा नीट बघितलं नाही. आज कपडा उचलला तर ही."

"काल कोण कोण येऊन गेलं?"

"आपलीच माणसं. मला नाव ठाऊक आहे, तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

"म्हणजे निदान झालंय, तपासण्या राहिल्यात."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

मोकळी जागा कोणाची, हे संघटनेत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. पहिल्या राज्यव्यापी संपात एक सिस्टर संप फोडून वॉर्डात कामाला गेली. तिला संघटनेतून काढलं आणि चादरीवरचं तिचं चित्र उसवलं. ती आता फार म्हातारी झाली होती, अंथरुणाला खिळली होती. तिची मुलगी याच संघटनेची सभासद होती. आईला परत घ्या, असा अर्ज मुलीनं पुनःपुन्हा केला होता. दर वेळी विषय पुढच्या बैठकीवर जाई.

"काल संध्याकाळी परत आली होती," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आई थोड्या दिवसांची सोबती आहे, उद्याच विषय घ्या म्हणाली. मी म्हटलं, अगं बाई, उद्या समारंभ आहे, कार्यक्रमपत्रिका छापून झाली. तर इथे येऊन एकटीच बसून राहिली कितीतरी वेळ. तिचंच काम हे. सिद्ध झालं तर तिचंही सभासदत्व जाईल."

घाई कशाची होती, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. सभासद सिस्टर गेली की बाकीच्या युनिफॉर्ममध्ये यायच्या. एकजण तिच्या उशाशी उभी राहून, पाळी बदलताना म्हणतात तसं साध्या आवाजात म्हणायची: तुमची ड्यूटी संपली, चार्ज मी घेतला. मग तिला न्यायचं. काढून टाकलेलीसाठी कोणी येत नसे.

जंतूताईंनी चादरीची वरची कड उचलून उलटी केली. होडीच्या मागे गाठीच गाठी होत्या. चार-पाच टाके की गाठ, पुन्हा चार-पाच टाके की गाठ.

"अध्यक्षबाई, हे भरायला किती सुया लागल्या असतील?"

"किती म्हणजे? एक."

"नाही," जंतूताई म्हणाल्या. "मूठभर."

२

ट्यूटरबाई खालच्या मजल्यावर, नुकत्याच छापून आलेल्या संघटनेच्या इतिहासाच्या गठ्ठ्यांत बसल्या होत्या. तो त्यांनीच लिहिला होता. राज्यातल्या निम्म्या सिस्टरांना त्यांनी नाडी बघायला शिकवलं होतं, आणि अजूनही बोलताना समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांना सवय होती.

"जलद चालतेय तुमची," त्या म्हणाल्या.

"जिन्यानं आले."

"उतरून आलात. चढून नाही."

जंतूताईंनी मनगट त्यांच्याकडेच राहू दिलं आणि चादरीबद्दल विचारलं.

"तेव्हा चार सिस्टर एकत्र दिसल्या की मेट्रन विचारायची, कोण मेलं? सभेला बंदी. एकत्र बसायची मुभा फक्त सुट्टीच्या दिवशी दुपारी, कपड्यांच्या खोलीत, फाटक्या चादरी शिवायला. मग चादर टेबलावर पसरायची, चहूबाजूंनी बसायचं, हातात सुई आणि तोंडानं सभा. संघटना तिथे जन्मली. सह्या सापडल्या असत्या तर नोकऱ्या गेल्या असत्या. चित्रावरून कोणाला काढणार?"

"प्रत्येकीनं आपापल्या जागेवरून भरलं."

"म्हणून तर निम्मी उलटी. पुढे ही भिंतीवर टांगतील असं कोणाच्या स्वप्नात होतं?"

"मोकळ्या जागेत आधी काय होतं?"

"देवाशपथ माहीत नाही. मी नंतर आले. उसवल्यावर चादर सोडा घालून उकळली, खळ दिली, मग चौकटीत घातली. सुईची भोकंसुद्धा मिटली. आधीचा फोटो नाही. पुस्तकासाठी मी जंग जंग पछाडलं. पाहुण्यांना मी सांगते की पुढे येणाऱ्या सिस्टरांसाठी जागा राखून ठेवलीय. एकदा एका विद्यार्थिनीनं त्या जागेला हात जोडले. मला तिच्याकडे बघवेना."

"मूळ चित्र ज्यांनी बघितलं, त्यांच्यातलं कोण आहे अजून?"

"वरच्या रांगेतली ती एकटी, अंथरुणावर. बाजूच्या सगळ्या गेल्या. खालच्या रांगेतल्या थोरल्या सिस्टर तेवढ्या आहेत."

थोरल्या सिस्टर म्हणजे संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. उद्याच्या समारंभात सत्कार त्यांचाच होता.

"किल्ली त्यांची," ट्यूटरबाई म्हणाल्या. "कपड्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. पण त्यांना विचारून उपयोग नाही. नजरेच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेनं तेवढं दिसतं. मागच्या खेपेला माझ्याऐवजी कपाटाला म्हणाल्या, वजन वाढलं गं तुझं."

जंतूताईंनी वरचं पुस्तक उघडलं. संपाचं प्रकरण. एका वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं: या संपूर्ण काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात एकही अर्भक दगावलं नाही.

"हे खरं आहे?"

"शंभर टक्के. सरकारलाही नाकारता आलं नाही. या एका वाक्यावर संघटनेचा मान उभा आहे. उद्या मी व्यासपीठावरून हेच वाचणार आहे."

"त्या बाळांना दर दोन तासांनी नळीनं दूध द्यावं लागतं. सगळ्या सिस्टर फाटकाबाहेर होत्या. मग दूध कोणी दिलं?"

ट्यूटरबाईंनी त्यांचं मनगट सोडलं.

३

मुलगी आईच्या उशाशी बसून तिची वेणी घालत होती. केस इतके विरळ की वेणी करंगळीएवढीही होईना. ती डायलिसिस विभागात सिस्टर होती, आणि शिकताना जंतूताईंच्या हाताखाली होती.

"हात धुतलेत?" तिनं वर न बघता विचारलं.

"धुतले."

"मी बघितलं नाही."

जंतूताई पुन्हा हात धुवून आल्या. हे वाक्य तिला त्यांनीच शिकवलं होतं.

म्हातारीचे डोळे मिटलेले होते. श्वास यायचा, थांबायचा, मग आठवल्यासारखा परत यायचा. त्याचा अर्थ दोघींनाही कळत होता. जंतूताई पलंगाच्या पलीकडच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या.

"अध्यक्षबाईंचा फोन आला होता," मुलगी म्हणाली. "चादरीवर काहीतरी भरलंस, कबूल कर म्हणाल्या. काय भरलंय तेसुद्धा सांगेनात. तुलाच माहीत म्हणे."

"भरलंस?"

"मला धड बटण लावता येत नाही, ताई. आमच्या वेळेपर्यंत शिवण अभ्यासक्रमातून गेलं होतं." तिनं वेणीला रबर लावलं. "परवा आई जरा शुद्धीवर होती. म्हणाली, माझा चार्ज कोण घेणार गं? म्हटलं, मी घेते की. तर म्हणाली, तू मुलगी, तू रडशील. चार्ज घेणारीनं रडायचं नसतं."

जंतूताईंनी म्हातारीच्या पायांवरचं पांघरूण वर ओढलं.

"म्हणून काल परत गेले होते तोंड वेंगाडायला. नाही म्हणाल्यावर आईला काय सांगायचं ते कळेना, म्हणून बसले तिथे. चादर कपड्याखाली होती. उचलूनही बघितली नाही. आईची जागा रिकामी बघायला कशाला जायचं?"

"संपाबद्दल कधी बोलली तुझ्याशी?"

"एकदाच. शाळेत पोरी चिडवायच्या, संपफोडीची मुलगी म्हणून. घरी येऊन मी भांडले. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, मला फाटकातून आत सोडलं, एवढं लक्षात ठेव. बस्स. मला राग आला. म्हटलं, चोरानं सांगावं तसं सांगतेय, दार उघडंच होतं म्हणून."

"फाटकावर कोण होतं तेव्हा?"

"संघटनेच्याच बायका. मेट्रनची गाडी अडवली होती त्यांनी, तिला मागे फिरावं लागलं. आई चालत गेली, दिवसाढवळ्या." मुलगी बोलता बोलता थांबली. आपण काय म्हणालो, ते तिला आत्ताच ऐकू आल्यासारखं. "ताई, तिला का सोडलं असेल?"

"कोणीतरी सोडा म्हणून सांगितलं असेल. आईचं चादरीवरचं चित्र काय होतं, माहीत आहे तुला?"

"टोपी," ती लगेच म्हणाली. "नर्सची टोपी. सीनियरची पट्टी नुकतीच मिळाली होती तिला, त्याचा केवढा अभिमान. लहानपणी मला कशावरही काढून दाखवायची." तिनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, आईच्या हाताशी गादीवर ठेवला आणि पेननं काढलं. "खाली रुंद, वर निमुळती. आणि वरच्या अंगाला ही पट्टी."

जंतूताईंकडून पुठ्ठा उलटा होता. रुंद काठ वर, निमुळता तळ खाली, तळाशी एक रेघ. त्यांना टोपी दिसत नव्हती.

त्यांना होडी दिसत होती.

४

जंतूताईंनी चादरीवरच्या होडीचा मोबाइलवरचा फोटो मुलीपुढे धरला. तिनं तो पुष्कळ वेळ बघितला.

"ही आईची नाही," ती म्हणाली. "पट्टी कधी टोपीच्या बाहेर जाते का? आणि अशी नागमोडी? हे कोणीतरी पाणी काढलंय."

दुपारी समितीच्या खोलीत जंतूताईंनी अध्यक्षबाईंना चादरीपाशी उभं केलं.

"मुलीनं केलेलं नाही."

"तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत."

"तिचं राहू द्या, चादरीचं ऐका. वरच्या बाजूला बसलेल्या बायकांची चित्रं त्यांच्याकडे तोंड करून आहेत, म्हणून आपल्याला उलटी दिसतात. त्यांच्यातलीच एक आपलं चित्र समोरच्यांच्या सोयीनं भरेल का? नाही. तिनं टोपी भरली होती. समोरून बघणाऱ्याला ती होडी दिसायची. मुलीनं आईकडून ऐकून भरली असती तर टोपी भरली असती. काहीच माहीत नसलेल्यानं मासा भरला असता, फूल भरलं असतं. पण उलट्या टोपीच्या मापाची होडी, आणि पट्टीच्या जागी पाणी? हे ज्यानं भरलं, त्यानं मूळ चित्र बघितलं होतं. आणि आयुष्यभर एकाच बाजूनं बघितलं होतं."

अध्यक्षबाईंची नजर होडीवरून सरळ खाली आली, चादर ओलांडून, आणि किल्लीवर थांबली.

"काहीतरीच काय," त्या म्हणाल्या. "त्यांना माणूस दिसत नाही, टाका काय दिसणार?"

"टाका दिसावा लागत नाही. फुल्या बघा, प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला. जुन्या तालमीचा हात आहे. पण ओळ भरकटलीय. हाताला येतं ते बरोबर, डोळ्यानं करायचं ते चुकलंय. आणि डोळ्याशिवाय जमत नाही असं शिवणातलं एकच काम आहे, सुई ओवणं. म्हणून कोणाकडून तरी पुष्कळ सुया आधीच ओवून घेतल्या, आखूड दोऱ्याच्या. एक संपली की गाठ, मग दुसरी."

सभागृहाची झाडलोट करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. जंतूताईंनी त्यांच्या हातातला ट्रे घेतला.

"मावशी, काल सुया ओवून दिल्यात ना?"

"दिल्या की. का, हरवली का एखादी? पायात गेली तर माझ्यावर नका घालू." मावशींनी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "थोरल्या सिस्टरांनी पुडीच दिली. म्हणाल्या, सगळ्यांत तांबडा दोरा घाल, वीतभरच, लांब गुंततो माझ्याच्यानं. हाताला धरून इथवर आणलं मी त्यांना. म्हटलं, काय शिवायचंय एवढं? तर म्हणाल्या, उसवलेलं."

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. चहा कोणी घेतला नाही.

जंतूताईंचा फोन वाजला. मुलीचा आवाज अगदी सपाट होता, वॉर्डातून निरोप देतानाचा.

"आई गेली, ताई. उद्या सकाळी नेणार आहोत. कोणी येणार नसेल तर आत्ताच सांगा. मी वाट बघत बसणार नाही."

जंतूताईंनी अध्यक्षबाईंकडे बघितलं. अध्यक्षबाईंना सगळं ऐकू आलं होतं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तुला रात्रीपर्यंत कळवते," जंतूताई म्हणाल्या. आपण काय सांगून बसलो, ते त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

५

थोरल्या सिस्टर आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, जंतूताईंच्या अंमळ डावीकडे बघत.

"जंतू, तू ना? गेली का ती?"

"दुपारी."

थोरल्या सिस्टरांनी मान हलवली. मग बराच वेळ दोन्ही हातांनी मांडीवरचं पातळ सारखं करत राहिल्या, एकही सुरकुती नसताना.

"होडीचं कळलं तुला."

"कळलं. संपाचंही थोडं कळलंय. बाळं वाचली, म्हणजे आत कोणीतरी होतं. फाटकावरच्यांनी मेट्रनला अडवलं आणि तिला सोडलं, म्हणजे सोडा असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांना हुकूम देणारं माणूस तेव्हा एकच होतं, सिस्टर."

"मीच पाठवलं तिला." इतक्या वर्षांचं वाक्य, पण ते अडखळलं नाही, पुष्कळदा मनात म्हटलेलं असावं. "त्या कक्षाला बाहेरून माणसं येणार होती. ऐन वेळी कळलं, येत नाहीत. सगळ्यांसमोर मी कोणाला पाठवलं असतं तर प्रत्येक वॉर्डातून बायका म्हणाल्या असत्या, मग आमच्या रुग्णांचं काय? संप तिथेच संपला असता. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, तू जा, फाटकावर मी सांगते. ती म्हणाली, आणि बाकीच्यांना? म्हटलं, बाकीच्यांना नंतर."

"आणि मग?"

"मग सरकारनं छापून आणलं, तुमचीच सिस्टर आत काम करतेय. सभेत बायका पेटल्या. कोणीतरी ठराव मांडायचा होता. मी मांडला. ती समोर बसली होती, माझ्याकडे बघत. तोंड उघडलं असतं तर मी संपले असते. तिनं उघडलं नाही."

"फाटकावरच्या बायका?"

"त्यांना शपथ घातली. त्या शपथ घेऊनच गेल्या. मी तिला म्हटलं होतं, संप मिटला की सांगते. मग मान्यता मिळायची होती. मग निवडणूक, मग ही इमारत. दर वेळी वाटायचं, आत्ता बोलले तर संघटना फुटेल. संघटना काही एवढी कच्ची नव्हती गं. रस्त्यात भेटली तर ती माझी चौकशी करायची. पाय दुखतात का विचारायची. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं."

"मग काल सुई का घेतलीत? बोलता आलं असतं."

"टाका पुन्हा उसवता येतो. बोललेलं उसवता येत नाही." त्यांनी डोळे मिटले. "ती जातेय असं कळलं, आणि तिची जागा तरी भरावी असं वाटलं. चित्र मला पाठ होतं. तिचं माहेर नदीपलीकडचं. मला नेहमी वाटायचं, तिनं घरी जायची होडी काढलीय. उसवतानाही मनात तेच, हिची घरची वाट मी उसवतेय."

सांगू नये, असं जंतूताईंना वाटून गेलं. पण रुग्णाला निदान लपवून ठेवलं की पुढचं सगळं चुकत जातं, हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं.

"सिस्टर, ती होडी नव्हती. तुम्ही समोर बसला होतात. ती टोपी होती. पट्टीची टोपी."

थोरल्या सिस्टरांचे हात थांबले. बोटं पातळावरच काहीतरी चाचपू लागली. एक रुंद रेघ, दोन तिरक्या, एक अरुंद. मग तीच उलट बाजूनं. तिसऱ्यांदा बोट पट्टीच्या जागी आलं आणि तिथेच राहिलं.

"म्हणजे पाणी मी माझ्या मनचं घातलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिची टोपी काढून घेतली मी. माझ्या हातानं. आणि इतकी वर्षं होडी म्हणून रडले."

बाहेर कोणीतरी बादली सरकवली. जंतूताई उठल्या.

"उद्या सकाळी तिला नेणार आहेत. मुलीला मी कळवते म्हटलंय. काय कळवू?"

"काही कळवू नकोस," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "मी बोलेन असं तिला सांगितलंस आणि माझी जीभ रेटली नाही तर? गेली सगळी वर्षं मी उद्या बोलणारच होते."

६

सभागृह पांढऱ्या युनिफॉर्मनी भरलं होतं. दूरच्या तालुक्यांतून आलेल्या सिस्टर रात्रपाळी करून बसमध्ये झोपून आल्या होत्या. काहींच्या गालांवर अजून खिडकीच्या दांडीचा वळ होता. व्यासपीठामागे चौकट पुन्हा लावली होती. होडी उसवायला वेळ नव्हता, म्हणून अध्यक्षबाईंनी तिच्यासमोर एक उंच फुलदाणी ठेवली होती.

जंतूताई दारापाशी उभ्या होत्या. मुलीला त्यांनी रात्री एवढंच कळवलं होतं की न्यायच्या आधी मी येतेय. बाकी कोणाचं माहीत नाही.

ट्यूटरबाई इतिहासातलं प्रकरण वाचायला उभ्या राहिल्या. संपाचा भाग आला. "या संपूर्ण काळात," त्यांनी वाचलं, "अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात एकही अर्भक दगावलं नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी ट्यूटरबाई पुढचं वाक्य वाचेनात. त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या.

"दूध कोणी दिलं, ते लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कुजबुज सुरू झाली. अध्यक्षबाईंनी घाईनं माइक घेतला, थोरल्या सिस्टरांच्या सत्काराची घोषणा केली आणि शाल घेऊन त्यांच्याकडे गेल्या. थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या. शाल त्यांनी घेतली नाही. हात पुढे करून माइक चाचपला.

"सिस्टर," अध्यक्षबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, पण माइकमुळे सगळ्यांना ऐकू आलं, "तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ ना आपण. नक्की घेऊ."

"कोणासाठी घेशील?" थोरल्या सिस्टरांनी विचारलं.

अध्यक्षबाई मागे सरकल्या. त्यांनी शालीची घडी घालायला सुरुवात केली आणि ती चुकत राहिली.

थोरल्या सिस्टर सभेकडे तोंड करून उभ्या होत्या, पण बघत होत्या कडेच्या भिंतीकडे. तशाच त्यांना समोरच्या रांगा दिसत असाव्यात. किती वेळ त्या बोलल्याच नाहीत. मागच्या रांगेतली कोणीतरी पाणी द्या म्हणाली. थोरल्या सिस्टरांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

"आपली एक सिस्टर काल गेली. तिला अजून नेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला तुम्ही संपफोडी म्हणून ओळखता. संपात ती आत गेली, कारण मी तिला जायला सांगितलं. ती बाळं तिनं एकटीनं सांभाळली. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या तिच्या आहेत. मी हे तिच्या देखत बोलायला हवं होतं. मी थांबले, आणि ती थांबू शकली नाही."

त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"तिला काढून टाकायचा ठराव मी मांडला होता," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "तो मी मागे घेते."